वात लहान कर

आदिलाबादजवळच्या मावल्याचे चंपत हनवते जानेवारीत गेले. वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल काही आलं नाही. येण्यासारखं लोकांना माहीत नव्हतं. आदिलाबादच्या एका शाळेत ते अटेंडर होते. घंटा वाजवायची, माठ भरायचे, मोठ्या सरांचा चहा आणायचा. त्याआधी जिनिंगमध्ये हमाली केली. त्याहीआधी मुधोळकडच्या एका खेड्यात नवराबायको लोकांच्या शेतात कापूस वेचायचे. बेंजो चांगला वाजवत, एवढं जुन्या माणसांना आठवत होतं.

त्यांचं एक गाणं मात्र या भागातल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. आदिलाबाद, मुधोळ, किनवट, कुठेही वरात निघाली की ते लागतं. 'वात लहान कर'. आमच्याकडचं डिस्को गाणं. माझ्या आईबाबांच्या लग्नात ते बँडवर वाजलं, बहिणीच्या लग्नात डीजेवर. शेवटच्या कडव्यात गायक म्हणतो, वात लहान कर, आणि डीजेवाला सगळे दिवे घालवतो. अंधारात पोरं शिट्ट्या मारतात. मग ढोल पडतो, दिवे येतात आणि सगळे पुन्हा नाचायला लागतात. बँडच्या काळात गॅसबत्तीवाल्या बाया त्या ओळीला बत्तीपुढे पोतं धरायच्या, असं आई सांगते. ही रीत कोणी पाडली कोणाला ठाऊक नाही.

गाणं चंपतबाबांचं आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. कॅसेटच्या कव्हरवर छापलेलं होतं, 'गीत: कवयित्री दीपमाला'.

मी त्या दीपमालाला शोधत त्यांच्या घरी गेलो. नांदेडला मराठीत एम.ए. करत होतो. तेलंगणा सीमेवरच्या गायन पार्ट्यांवर लिहायचं ठरवलं होतं. जयंतीला, नामकरणाला, लग्नाला गावोगाव फिरून गाणाऱ्या या पार्ट्या. गाणी लिहिणारे सगळे पुरुष. बाईचं नाव एकच. ज्या पार्टीनं ते गाणं गायलं होतं, तिचे गायक नागनाथ कधीच वारले होते. ढोलकीवाले, कोरसवाले कोणी उरले नव्हते. उरले होते फक्त बेंजोवाले चंपतबाबा.

त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. खाटेवर बसवलं. चहा पाजला. बाकी पार्टीचे किस्से सांगितले. नागनाथ कसे रॉकेलच्या डब्यावर उभे राहून गायचे, आणि एकदा डबा दबला तरी सूर कसा सोडला नाही. दीपमालाबद्दल विचारलं की म्हणायचे, "शोध ना. शिकलेला हायेस. सापडंल."

मी जात राहिलो. घर मोठ्या रस्त्यापासून आत होतं. अंगणात एक खाट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली कापडात गुंडाळलेला बेंजो. प्रत्येक वेळी ते विचारत, "मंग, भेटली का तुही कवयित्री?" आणि हसत. त्यांची बायको, भागीरथामाय, तेवढ्यात उठून आत जायची. मला वाटायचं चहासाठी जाते.

एकदा मी म्हणालो, बाबा, ती बाई बहुतेक खोटी असावी, कुण्या पुरुषानंच ते नाव घेतलं असावं. ते हसले नाहीत. भागीरथामाय त्या दिवशी बाजारात गेली होती. जिनिंगमधल्या रुईनं त्यांची छाती कायमची धरलेली. दोन वाक्यांमध्ये त्यांना थांबावं लागे.

"खोटी नाई," ते म्हणाले. "लेकरू व्हती रे. लिवता कुठं येत व्हतं तिले."

दीपमाला त्यांची पहिली मुलगी. चार वर्षांची होऊन गेली. मुधोळकडच्या त्या खेड्यात वीज होती, पण ती गावात. यांच्या वस्तीत रॉकेलची चिमणी जळायची. पोरीला ताप भरला. मान धरली गेली. दिवेलागणीला चिमणी लावली तर ती रडायला लागली. उजेड डोळ्यांत जातो म्हणाली. माय, वात लहान कर. भागीरथामायनं वात खाली केली. पोरगी पुन्हा तेच म्हणाली. आणखी खाली केली. शेवटी फुंकलीच. मग पोरगी गप्प झाली. झोप लागली असं दोघांना वाटलं. सकाळच्या बसनं तिला दवाखान्यात न्यायचं होतं. उजाडलं तेव्हा न्यायला काही राहिलं नव्हतं.

"अंधारात गेली," ते म्हणाले. "कवा गेली, तेबी नाई कळलं आमाले."

त्यानंतर त्यांनी ते गाव सोडलं आणि मावल्याला आले. इथे त्या पोरीबद्दल कोणाला माहीत नव्हतं. पुढे मुलगा झाला, संघपाल. आता तो मंडल ऑफिसात क्लार्क आहे. आपल्याआधी एक बहीण होऊन गेली एवढंच त्याला सांगितलेलं. घरात तिचं नाव घेत नसत. थोरली म्हणत.

गाणं चंपतबाबांनी मावल्याला आल्यावर बांधलं. पाळण्याच्या चालीत, अगदी संथ. मला त्यांनी गुणगुणून दाखवलं.

माह्या हाताचा झुला गं, झुलू दे, झुलू दे,
दारी पांढरं कपाशी रान, फुलू दे, फुलू दे.

आमच्याकडे गाणं लिहिणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. गाणं कोणाचं हे त्यावरूनच कळतं. कागद हरवतात, कडवं राहतं. 'चंपत म्हणे' असं तिथे यायला हवं होतं. त्यांनी आपलं नाव घातलं नाही. पोरीचं घातलं.

दीपमाला म्हणे, माय, वात लहान कर,
उजेड डोळ्यांत येतो, वात लहान कर.

हे गाणं घराबाहेर फक्त नागनाथांना माहीत होतं. चाल त्यांना फार आवडायची. पुढे नागपूरच्या एका कॅसेट कंपनीनं पार्टीला बोलावलं. भीमगीतं झाली. शेवटी एका गाण्याएवढी टेप उरली. नागनाथ म्हणाले, चंपत, तुझा पाळणा गाऊ का. चंपतबाबा हो म्हणाले. तिथल्या वाजवणाऱ्यांच्या म्होरक्यानं दोन ओळी ऐकल्या आणि सांगितलं, चाल चांगली आहे, पण अशी कोणी घेणार नाही, सध्या डिस्को चालतं. त्यानं ड्रम लावला. कीबोर्डवाल्यानं खालून एक ठेका धरला. नागनाथ जरा घुटमळले, त्यांनी चंपतबाबांकडे पाहिलं.

"तुम्ही थांबवलं नाही?" मी विचारलं.

त्यांनी कापडातल्या बेंजोकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुरज, ठेका लई चांगला व्हता. माहे हात चालूच झाले. एक घडीभर मी ईसरलो का हे गाणं कायचं हाय. मजा आली मले. हे कोनाले नको सांगू."

मी ते सांगितलं नाही. आता सांगतो आहे. त्यामागचं कारण पुढे येईल.

कंपनीनं कव्हर छापलं. गाणी कोणाची हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटची कडवी ऐकली आणि नावं उतरून घेतली. या गाण्यात निघालं दीपमाला. बाईचं नाव म्हणून पुढे कवयित्री जोडलं. ती चूक आमच्याकडची गाणी ओळखणाऱ्यानंच केली असती. दुसऱ्या कोणाला ते नाव तिथे सापडलंच नसतं.

कॅसेट घरी आली. शेजारच्या शाळकरी पोरीनं कव्हर वाचून दाखवलं. भागीरथामायला तेव्हा वाचता येत नव्हतं. कवयित्री दीपमाला हे शब्द ऐकून तिनं कॅसेट हातात घेतली आणि नाव कुठे आहे ते बोटानं दाखवायला लावलं. चंपतबाबा म्हणाले, मी कंपनीला सांगून दुरुस्त करून घेतो. ती म्हणाली, राहू द्या. सगळ्या कॅसेटवर असंच आहे का, एवढं तिनं विचारलं. सगळ्या कॅसेटवर तसंच होतं.

गाणं वणव्यासारखं पसरलं. लग्नात ऑर्केस्ट्रावाले माइकवरून सांगायचे, आता सादर करतो कवयित्री दीपमाला यांचं गाणं. भागीरथामाय ते ऐकायला मांडवात थांबायची. नाव झालं की उठायची. गाणं सुरू व्हायच्या आत ती रस्त्याला लागलेली असायची. चंपतबाबा मागे राहायचे. पंगतीला बसायचे. लोक त्यांच्यासमोर नाचायचे आणि दिवे गेले की ओरडायचे.

मी ते लिहिणं सोडून दिलं. वेगळा विषय घेऊन एम.ए. पूर्ण केलं. चंपतबाबांकडे जाणं मात्र सुटलं नाही.

मागच्या वर्षी हैदराबादच्या कुण्या पोरानं ते गाणं नव्यानं वाजवून मोबाइलवर टाकलं. मराठी न येणारी पोरंही त्यावर नाचायला लागली. दिवे घालवायचे, मग लावायचे. आदिलाबादच्या जयंती कमिटीनं ठरवलं, ही कवयित्री आपल्या भागातली, तिचा सत्कार करू. कमिटीचे अध्यक्ष देवाजी गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, बोलायला गोड, घाईत असलेले. मी गायन पार्ट्यांच्या मागे होतो हे त्यांनी ऐकलं होतं. मला घेऊन ते चंपतबाबांच्या घरी आले. रविवार होता. संघपाल घरीच होता.

त्याच्या आधी काही दिवस चंपतबाबा मला एक गोष्ट बोलले होते. उन्हात खाट टाकून पडले होते. म्हणाले, जिंदगीभर शाळेत माइक मीच लावला. टेबल मी ठेवलं, हार मी आणले. "एकदा माइकवरून माहं नाव आलं पाहिजे व्हतं, सुरज. चंपत हनवते. हे गाणं त्याचं हाय. बस. मंग मेलो तरी चालते." हसले आणि खोकत बसले. भागीरथामाय तेव्हा दारात ज्वारी निवडत होती. तिनं ऐकलं असावं. मान वर केली नाही.

देवाजी गुरुजींनी जयभीम केला आणि विषय काढला. कवयित्री कुठे असतात, हयात आहेत का. चंपतबाबा उठून बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बायकोकडे पाहत होते. बोलायला त्यांनी श्वास घेतला. पण त्यांचा श्वास भरायला वेळ लागायचा.

"दीपमाला आमची थोरली," भागीरथामाय म्हणाली. "गाणं तिचंच हाय. वारली ते."

संघपालच्या हातातला चहा तसाच राहिला. बहिणीचं नाव तो पहिल्यांदाच ऐकत होता. गुरुजींनी हळहळ केली. लहान वयात गेली असेल, म्हणाले. लहानच होती, ती म्हणाली. मग मरणोत्तर सत्कार करू, आईनं शाल घ्यावी, असं ठरवून गुरुजी निघून गेले.

गुरुजी गेल्यावर संघपाल बोलायला लागला. तो चिडला होता. त्यानं बापाकडून सगळं काढून घेतलं. मग आईला म्हणाला, काऊन असं केलं. बाबाचं गाणं बाबाच्या नावानं का नाही. लोक मोबाइलवर पाहून राह्यले, आता तरी खरं सांगा.

चंपतबाबा हळूच म्हणाले, "एकदा सांगतलं असतं तं काय बिघडत व्हतं?"

भागीरथामाय त्यांच्याकडे वळली.

"तुमचं नाव राशन कार्डावर हाय. शाळंच्या रजिस्टरात हाय. पेन्शनीत हाय. दरवाज्यावर या पोरानं पाटी लावली, तिच्यावरबी हाय. तिचं कुठं हाय? ना फोटो, ना दाखला. त्या एका गाण्यावर हाय. तेबी काढून घ्या तुमी."

चंपतबाबा म्हणाले, "बरं. राहू दे." खाटेवर आडवे झाले आणि पांघरूण ओढून घेतलं. मी निघालो तेव्हा ते जागे होते. मला म्हणाले, बुढी खरं बोलून राह्यली.

जानेवारीच्या थंडीत त्यांची छाती भरली. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. मावल्यातच माती दिली, तेव्हा मी होतो. भन्तेजींनी वंदना घेतली. शाळेतून दोन शिक्षक आले होते. चांगला माणूस, वेळेचा पक्का, असं त्यांच्याबद्दल बोलले.

जयंतीच्या आधी देवाजी गुरुजींनी मला कवयित्रीची ओळख लिहून द्यायला सांगितलं. तू साहित्याचा माणूस, म्हणाले. मी भागीरथामायकडे गेलो. काय लिहू, विचारलं. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. बेंजो जागेवर होता. ती म्हणाली, ठरलं तसंच लिही. माझा आवाज बरोबर नसावा. कारण तिनं पुन्हा सांगितलं, दीपमालाचंच लिही. मी लिहिलं. पोकळ वाक्यं होती. सीमाभागाची लेक, अकाली मावळलेली प्रतिभा. खरं एकही नव्हतं, खोटंही कुठलं धरता आलं नसतं.

गुरुजींनी फोटो मागितला होता. संघपालनं कळवलं, फोटो नाही. गुरुजी म्हणाले, बघतो काहीतरी.

कार्यक्रम शहरातल्या मैदानावर होता. ऊन उतरायला आलं होतं. आम्ही ऑटोनं गेलो, संघपाल, भागीरथामाय आणि मी. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं. पहिल्या रांगेत तिला खुर्ची दिली. मी शेजारी बसलो आणि स्टेजकडे पाहिलं.

मागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर एका बाईचा फोटो. चाळिशीची, चष्मा, हातात पेन, खांद्यावरून पदर. खाली मोठ्या अक्षरात, 'दिवंगत कवयित्री दीपमाला'. फोटोला खरा हार घातला होता.

भागीरथामायला आता वाचता येत होतं. प्रौढांच्या वर्गात ती शिकली होती. तिनं नाव वाचलं. मग चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"ही कोन हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, माहीत नाही माय, फ्लेक्सवाल्यानं नेटवरून घेतली असेल.

संघपाल उठला होता. गुरुजींना सांगून काढायला लावतो, म्हणाला. तिनं त्याचा हात धरून बसवलं.

"चांगली हाय बाई," ती म्हणाली. "तब्येतीनं चांगली हाय." पुन्हा पाहिलं. "माही पोरगी एवढी नाई झाली."

भाषणं झाली. गुरुजींनी मी लिहिलेली ओळख वाचली. त्यांचा आवाज चांगला आहे, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या पोरांनी आत्ताच गाणं लावा म्हणून गलका केला. एकानं 'वात लहान कर' असं ओरडून शिट्टी मारली. गुरुजींनी नाव पुकारलं. भागीरथामाय उठली. संघपालनं पायऱ्यांपर्यंत सोबत केली.

गुरुजी शाल उलगडत होते. ती त्यांच्याजवळून पुढे गेली आणि माइकपुढे उभी राहिली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. कोणी तरी तो खाली केला. तो किंचाळला. ती दचकली, मग बोलली. उभ्या आयुष्यात ती माइकवर बोलली नव्हती.

"ते गाणं चंपत हनवतेनं बांधलं. माहे मालक व्हते ते. शाळंत अटेंडर व्हते. जानेवारीत वारले." ती थांबली. "दीपमाला आमची लेक. चार वर्साची व्हती. तिले ल्ह्याले येत नव्हतं. ताप व्हता तिले. दिव्याचा उजेड सोसत नव्हता, म्हनून ते मले म्हने, वात लहान कर." तिनं मागे वळून फ्लेक्सकडे बोट केलं. "हे बाई कोन हाय मले मालूम नाई. हिचा काई दोष नाई."

एवढंच बोलली. जयभीम म्हणाली आणि बाजूला झाली.

मागून शिट्टी आली नाही. डीजेवाला हात वर धरून गुरुजींकडे पाहत होता. गुरुजींनी त्याला नको अशी खूण केली. त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, ती अर्धी घसरली, पुन्हा टाकली. मग त्यांनी पुढचा कार्यक्रम पुकारला. शाळेच्या मुली नाचायला आल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

संघपाल खुर्चीत बसून होता. ज्यासाठी तो आईशी भांडला होता ते झालं होतं. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता.

आम्ही लवकर निघालो. ऑटोत ती मध्ये बसली, शाल मांडीवर. गाडी मावल्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनं मला सांगितलं, आता तू सगळं लिही. जसं झालं तसं. त्यांना मजा आली होती तेही लिही. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मला त्या दिवशीच कळलं होतं, नागपूरहून आले तेव्हा. त्यांची बोटं खाटेच्या लाकडावर वाजत होती.

मागून लाउडस्पीकरवर मुलींचं गाणं अजून ऐकू येत होतं. मग तेही विरलं.

"त्या भोंग्याचा आवाज कुठवर जाते रे?" तिनं विचारलं. "आपल्या मावल्यापावतर जात आसंल?"

तिला काय विचारायचं आहे ते मला कळलं. उत्तर संघपालनं दिलं.

"नाई माय. एवढ्या लांब नसते जात."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मोठ्यानं बोलाले पाह्यजे व्हतं मी."